उष्टं पाणी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. आमच्याकडे गळ माशांनाच घालतात.

पण हे घडलं ते माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत, आणि मामा खोटं बोलत नाही. अलाबामात मासे धरणाऱ्या माणसाबद्दल असं म्हणणं सोपं नाही. इथे सकाळी धरलेला वीतभर मासा संध्याकाळपर्यंत हातभर होतो. व्हर्जिल मामाचा मासा वीतभरच राहतो. त्यावरून लोक त्याची चेष्टाही करतात.

ऑक्टोबरातला शनिवार होता. पहाट फुटत होती. कॅनी बेंडच्या जलाशयावर धुकं उतरलं होतं.

मामा आणि त्याचा दोस्त डॉयल कागदाच्या गिरणीतली रात्रपाळी संपवून थेट तिथे आले होते. रात्रपाळी संपली की माणसं घरी जाऊन आडवी होतात. हे दोघं बोट पाण्यात घालायचे आणि बास माशांच्या मागे लागायचे. डॉयलची बायको नेडीन म्हणायची, या दोघांचं लग्न एकमेकांशीच लावायला हवं होतं.

त्या दिवशी डॉयलच्या अंगात त्राण नव्हतं.

"आज जीव नाही रे अंगात. घरी जाऊ," तो म्हणाला.

मामाला ते पटेना. पाणी गार व्हायला लागलं होतं, बारीक मासळी काठाला आली होती, म्हणजे तिच्या मागे बास असणारच. तासभर गळ टाकू आणि जाऊ, असं त्याने डॉयलला समजावलं. वर म्हणाला, झोप काय, मेल्यावर आहेच.

हे वाक्य पुढे मामाला फार छळणार होतं.

बोटीत पुढे मामा, मागे डॉयल. बोट मामाची, म्हणून पुढची जागा मामाची. पुढचा माणूस पायाखालच्या पेडलने विजेची छोटी मोटर चालवतो, काठाकाठाने बोट नेतो आणि कुणी न ढवळलेल्या पाण्यात पहिला गळ टाकतो. मागच्याच्या वाट्याला पुढच्याचं उष्टं पाणी येतं.

डॉयलला त्याचं काही नव्हतं. "तुझं उष्टं खाऊन तुझ्यापेक्षा मोठे काढतो, लेका," असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा. आणि काढायचाही.

पुढचा माणूस मागे बघत नाही. तसा काही नियम नाही, पण सवडच नसते. मामा रबरी गांडूळ टाकायचा. ते तळाला टेकू द्यायचं, दोरीवर बोट ठेवायचं आणि चिखलातून इंचाइंचाने ओढत आणायचं. बासने तोंड लावलं तर बोटाला एवढीशी टिचकी लागते. लक्ष हललं की मासा गेला. शिवाय पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे खुंट. म्हणून डोळे पुढे आणि कान मागे.

रबरी गांडूळ आवाज करत नाही. त्यामुळे बोटीत जो काही आवाज व्हायचा तो डॉयलचा.

त्याच्या दोरीला पॉपर असायचा. लाकडाचा नकली मासा, खोलगट तोंडाचा, डॉयलने स्वतः रंगवलेला. दोरीला हिसका दिला की तो पाण्याचा घोट घ्यायचा.

गुळुप... गुळुप...

दोन हिसके. मग पाण्यावरची वर्तुळं पार विरेपर्यंत थांबायचं. बहुतेकांना एवढा धीर नसतो. डॉयलला होता. ज्या बासचं ठरत नसतं, तो नेमका त्या शांततेत झडप घालतो, असं त्याचं म्हणणं होतं.

सुरुवात त्यांनी नेहमीच्या ठिकाणी केली. तिथे पाणी दोन टेकड्यांमध्ये घोड्याच्या नालेसारखं वळलंय. सगळे त्याला नालेचं वळण म्हणतात. मामा गिरणीतल्या नव्या मुकादमाबद्दल बोलत होता. डॉयल हं हं करत होता. मध्ये त्याचा गळ खुंटात अडकला, तेव्हा त्याने खुंटाच्या सात पिढ्या उद्धारल्या.

मग तो गप्प झाला.

वळणातून बाहेर पडताना मामाने न वळता विचारलं, "थकलास का रे?"

उत्तर आलं नाही.

मग... गुळुप... गुळुप...

मामाने तेच उत्तर धरलं.

तिथून जुन्या पुलापर्यंतचा सगळा काठ त्यांनी घासून काढला. म्हणजे मामाला तसं वाटलं. धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मागून आवाज अगदी संथपणे येत होता. दोन हिसके, शांतता. दोन हिसके, शांतता.

पुलाशी मामाच्या बोटाला टिचकी लागली. मासा चांगला होता. त्याने पाणी घुसळून काढलं, खुंटाकडे धाव घेतली. मामाने त्याला कसाबसा बोटीशी आणला.

"डॉयल, जाळी दे."

जाळी आली नाही.

"अरे, जाळी..."

मामा वळला.

मागची खुर्ची रिकामी होती.

डॉयलचा गळाचा रॉड खाली पट्ट्यात नीट बांधलेला होता. दोरी ताठ गुंडाळलेली, पॉपरचा गळ कडीत अडकवलेला. दिवसाचं काम आटोपल्यावर आम्ही ठेवतो तसा.

मासा कधी सुटला ते मामाला आठवत नाही. हाका मारत, मोठी मोटर चालू करून तो धुक्यातून उलटा फिरला. डॉयलची टोपी त्याला नालेच्या वळणात तरंगताना सापडली. दुपारी पाणबुड्यांनी डॉयललाही तिथूनच वर काढलं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका आला आणि तो पाण्यात पडला. पण पडल्यावर लगेच गेला नाही. थोडा वेळ तरी जिवंत होता.

शेरीफच्या कचेरीतला तरुण डेप्युटी मामाशी अदबीने बोलला. "मिस्टर व्हर्जिल, वळणापासून पुलापर्यंत तास तरी गेला असेल. एवढा वेळ मागे माणूस नाही हे तुम्हाला कळलं नाही?"

"माणूस होता," मामा म्हणाला. "गळ टाकत होता."

डेप्युटीने ते लिहून घेतलं. एवढा धिप्पाड माणूस पडला तर बोट हलली असणार, असं तो म्हणाला. मामाला बोट हललेली जाणवली नव्हती. तेही मामाने खरं तेच सांगितलं.

गावाने आपला निकाल लावून टाकला. रात्रपाळीचा माणूस, उभ्याउभ्या डोळा लागला असेल. कुणी वाईट बोललं नाही. कीव मात्र सगळ्यांनी केली, आणि मामाला ती शिवीपेक्षा जास्त लागली.

दफनानंतर चर्चच्या मागे नेडीनने त्याला गाठलं.

"तुला डुलकी लागली होती," ती म्हणाली. "तेवढं म्हण, व्हर्जिल. मी मनात काही ठेवणार नाही."

"नाही लागली."

"मग एकच सांग. तो पाण्यात होता, जिवंत होता. त्याने तुला हाक मारली का?"

"मला तो मागे गळ टाकताना ऐकू येत होता, नेडीन."

तिचा चेहरा दगडासारखा झाला. "झोपला असशील तर माफ केलं. पण माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर असलं काही खपवू नकोस."

त्या दिवसापासून तिने मामाशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये त्याच्यापासून लांबच्या बाकावर बसायला लागली. दुकानात तो दिसला की सामान तसंच टाकून निघून जायची. मामी गेल्यापासून डॉयल-नेडीनच्याच घरी मामाचं रविवारचं जेवण असायचं. तेही गेलं.

त्या हिवाळ्यात मामा म्हातारा झाला. गिरणीत जायचा, यायचा, अंथरुणात पडून छताकडे बघायचा. झोप येत नव्हती.

"एक हो म्हटलं की सुटेन," तो मला म्हणाला. "झोपलो होतो म्हणायचं, बस. तीसुद्धा सुटेल. फार थकलोय गं मी."

तसं म्हणायला तो नेडीनच्या दारापर्यंत जाऊन आला. एकदा नाही, बऱ्याचदा. दार वाजवायचा धीर झाला नाही.

मार्चअखेर, बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतात त्या दिवसांत, एका पहाटे नेडीनच त्याच्या अंगणात उभी राहिली. अंगात डॉयलचं जाकीट होतं.

"बोट काढ," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

मामाने ऑक्टोबरपासून बोटीवरची ताडपत्री उचलली नव्हती. त्याने ती मुकाट्याने काढली.

पाण्यावर धुकं होतं. मामा पुढे उभा राहिला. नेडीन मधल्या बाकावर त्याच्याकडे पाठ करून, मागच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसली. मी मागे बघते, तू पुढेच बघ, त्या दिवशीसारखं, असं तिने बजावलं. डॉयलचा रॉड पॉपरसकट तिच्या घरी भिंतीवर होता. बोटीत एकच रॉड होता, मामाचा.

नालेच्या वळणात काही झालं नाही.

मामा सवयीने रबरी गांडूळ तळातून ओढत राहिला. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. मागे नेडीनचा श्वास ऐकू येत होता, एवढंच. वळण संपत आलं तसं मामाला वाटलं, झालं, आता काही ऐकू येणार नाही. आता काठाला लागल्यावर म्हणूनच टाकू, झोपलो होतो म्हणून. खरं सांगायचं तर त्याला हलकंच वाटलं.

बोट वळणातून बाहेर पडली.

गुळुप...

गुळुप...

मामाच्या जाकिटाचं टोक कुणीतरी मागून घट्ट धरलं.

"नेडीन?"

"मीच आहे. ऐकतेय."

"काय दिसतंय?"

तिने डोळे ताणून पाहिलं. मग म्हणाली, "मागची खुर्ची दिसत नाही. धुकं आहे."

बोट ती केवढी. मधल्या बाकावरून हात लांबवला तर मागची खुर्ची हाताला लागते.

गुळुप... गुळुप...

या वेळी मामा नीट ऐकत होता. गळ टाकताना रीळ फिरतं त्याची घरघर नव्हती. पॉपर पाण्यावर पडल्याचा आवाज नव्हता. फक्त घोट. आणि त्याला आठवलं की ऑक्टोबरातही वळणानंतर मागून एकही शिवी ऐकू आली नव्हती. एवढ्या खुंटांमधून तासभर डॉयल शिवी न देता टाकत राहिला... हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

नेडीन बोलली. आवाज चढवला नाही तिने. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याला विचारावं तसं विचारलं.

"डॉयल, तू याला हाक मारली होतीस का?"

आवाज थांबला.

काहीच ऐकू येईना. ठिबकणारं पाणीसुद्धा नाही.

आणि मग हाक आली...

मागच्या खुर्चीतून नाही. लांबून. फार मागून, नालेच्या वळणातून.

"व्हर्जिल..."

डॉयलचा आवाज. दमलेला, पाणी गेलेल्या घशाचा.

त्याच क्षणी पाठीमागे सुरू झालं. गुळुप, गुळुप, गुळुप, गुळुप... आता थांबणं नाही, वर्तुळं विरायची वाट बघणं नाही. मोठ्याने, घाईघाईने, त्या हाकेला झाकून टाकत. हाक पुन्हा आली असेल, पण ऐकू आली नाही. ऐकू येऊच दिली नाही.

मामाचा पाय पेडलवर वळला. बोट फिरवायची आणि त्या हाकेकडे जायचं, एवढंच त्याला सुचत होतं.

"फिरवू नकोस," नेडीन म्हणाली. ती रडत होती. "तो तिथे नाहीये आता. मी माझ्या हाताने माती टाकलीय त्याच्यावर. पुढे चल."

मामा पुढे गेला. तो आवाज पुलापर्यंत सोबत आला. पुलाशी ऊन लागलं, धुकं विरलं, तसा थांबला.

मग मामा वळला. नेडीन होती. मागची खुर्ची रिकामी होती. सगळ्या बोटीवर दव पडलं होतं. त्या खुर्चीवर नव्हतं.

नेडीनने त्याला घरी नेलं, पावासारखी मऊ बिस्किटं भाजली, रस्सा केला आणि समोर बसून त्याला खाऊ घातलं. ताट उचलताना म्हणाली, "तू झोपला नव्हतास."

त्या रविवारी चर्चमध्ये ती मामाच्या शेजारी येऊन बसली. गावाने बघितलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, चला, मामाच्या मागचं संपलं एकदाचं.

बोट अंगणात ताडपत्रीखाली आहे. मामा ती विकतही नाही आणि काढतही नाही. परवा मी त्याच्याकडे गेले होते. डोळे तसेच खोल गेलेले. मी म्हटलं, मामा, आता तर नेडीनचाही विश्वास बसलाय, आता तरी नीट झोपत जा.

"मी झोपलो असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "झोपलेला माणूस हाकेने जागा होतो. मी जागाच होतो, कान मागे लावून. म्हणून तर ती हाक दाबायला त्याला तो आवाज काढत बसावं लागलं."

तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.