आडव्याचं माप

कळमनुरीच्या पेठेत नासेर आणि बिलकीस या नवरा-बायकोचं शिवणकामाचं दुकान होतं. माप तो घ्यायचा, वहीत लिहायची ती. आकडा बराबर आला की तो टेपला दोन हलके हिसके द्यायचा, म्हणजे लिही. आणि झोपलेल्याचं माप मात्र कधीच घ्यायचा नाही. "आडव्याचं माप कफनाला घेत असतेत," म्हणायचा.

मोटारसायकलवरून पडून नासेर एकवीस दिवस दवाखान्यात बेशुद्ध होता. घरी नेल्यावर सैल कुडता लागेल, म्हणून एकविसाव्या दिवशी बिलकीसनं त्याचं माप घेतलं. बेशुद्ध माणसाला काय कळतंय, असं तिनं मनाला समजावलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं डोळे उघडले.

"शुद्ध आली," डॉक्टर म्हणाले. "भान यायला वेळ लागेल."

भान आलं, जरा जास्तच आलं. लग्नाची तारीख, गिऱ्हाइकांची नावं, सगळं त्याला ठाऊक होतं. पण आठवून सांगत नव्हता, पाठ केलेलं म्हणून दाखवत होता. चहात साखर पडली नाही तरी गप्प. पूर्वी घर डोक्यावर घेतलं असतं. बिलकीसच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण हा माझाच नवरा आहे ना, हे विचारायचं कुणाला? शेजारणीला?

घरी आणल्यावर पहिल्याच बाजारच्या दिवशी दुपारी तिनं त्याला तो कुडता घातला. चार बोटं आखूड!

"बिमारीत माणूस वाळतो," ती पुटपुटली. "लांबतो काहून?"

"तू आडव्याचं माप घेतलं ना..."

माप घेतलं तेव्हा खोलीत तिसरं कोणी नव्हतं. "कोणी सांगितलं तुमाला?"

"मी पाहून राहिलो होतो. तो बी होता, तुझ्यामागं. नको, नको म्हणून रडत होता..."

"तो... कोण?"

समोरचा नुसता हसला.

माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही. तिनं त्याला भिंतीशी उभं केलं आणि टेपचं टोक त्याच्या खांद्याला लावलं. उरलेला टेप तिच्या खांद्यावरून पाठीमागं लोंबत होता.

मागून तो हळूच ताणला गेला. दोन हलके हिसके बसले.

समोरच्याचे दोन्ही हात भिंतीला टेकलेले होते. सवयीनं तिचा हात पेन्सिलीकडे गेला.

"लिहू नको..." समोरचा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला होता.

मागून पुन्हा दोन हिसके बसले.