दोन रांगा विकल्या, माणूस एकही नाही

रविवारी संध्याकाळी साडेपाचला निर्माते रावसाहेबांनी पडद्याच्या भोकातून कोथरूडच्या नाट्यगृहात डोकावून पाहिलं आणि तडक खराडीला फोन लावला.

"दीपालीताई, पहिल्या दोन रांगा विकल्यात ना?"

"शुक्रवारीच. चाळीसच्या चाळीस."

"मग माणसं बसलीत कुठे?"

दीपाली खराडीच्या आयटी कंपनीत होती. रावसाहेबांच्या संगीत नाटकासाठी तिकिटाचा भाव ठरवणारा प्रोग्रॅम तिनंच लिहिला होता. तिकिटं खपली की उरलेल्यांचा भाव वाढायचा, पडून राहिली की उतरायचा. विमानात हे चालतं, असं तिनं पटवलं होतं. "विमानात कुणी वन्स मोअर देत नाही," रावसाहेब तेव्हा म्हणाले होते.

रविवारचीही शिफ्ट संपवून ती ऑफिसातून कोथरूडला पोचेपर्यंत नाटक संपलं होतं.

"इतक्यात?"

"आठ पस्तीसला. एकही वन्स मोअर नाही. गाणाऱ्या राधाबाई मेकअपसकट रडतायत. एरवी नऊला हॉल सोडायचा म्हणून आम्ही जिथे असू तिथे पडदा टाकतो." रावसाहेब येरझाऱ्या घालत होते. "मागेही निम्मा हॉल रिकामा. नागपूरच्या दौऱ्याचं हो की नाही आज रात्रीच कळवायचंय. तुमचं यंत्र चुकलं असेल तर दौरा रद्द. बावीस माणसं घरी बसतील. तुम्हीही."

दीपाली खिडकीवर गेली. तिथे तिकिटं विकणाऱ्या मालनबाई हिशेब मिटवत होत्या.

"पुढची तिकिटं कुणी घेतली?"

"एकाच गृहस्थांनी. चार खेपा, दर खेपेला दहा. माकडटोपी, काळा चष्मा."

"मे महिन्यात माकडटोपी? संशय नाही आला?"

"पुण्यात सर्दीला महिना लागत नाही. नोटा खऱ्या होत्या."

"भाव वाढला होता ना?"

"दर खेपेला शंभरानं. तीनशेवरून सहाशेवर गेला. ते कुरकुरले, पण घेतली. मागे स्वस्त आहे म्हटलं, तर म्हणाले, मागचे गप्प असतात, त्यांचा त्रास नाही."

दीपाली रंगपटात आली. एका कोपऱ्यात दिगंबरराव हनुवटीला खोबरेल चोळत होते. नाटकात ते ऋषी होते. शेवटच्या प्रवेशात येऊन नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायचा, एवढंच काम.

"दाढी निघत नाही का?"

"घामानं चिकटलीय हो. अकरा प्रयोग झाले, स्टेजवर ती आज पहिल्यांदाच गेली."

दीपाली तिथेच थांबली. मग रावसाहेबांना आणि मालनबाईंना बोलावून घेतलं.

"दिगंबरराव, दाढीची पेटी उघडता?"

ते उठले नाहीत. मालनबाईंनीच झाकण काढलं. खाली माकडटोपी, टोपीत चाळीस तिकिटं, आसनक्रमानं लावलेली.

"फेकून तरी द्यायची," रावसाहेब म्हणाले.

"पैसे देऊन घेतलेली तिकिटं फेकवत नाहीत."

"राधाबाई अकरा पदं गातात," दीपाली म्हणाली. "पुढच्या दोन रांगांतले दर्दी प्रत्येकाला वन्स मोअर देतात. नऊ वाजतात, पडदा पडतो आणि ऋषी दाढी लावून विंगेतच राहतात. म्हणून यांनी वन्स मोअर देणारेच बसू दिले नाहीत. दोन दिवसांत चाळीस तिकिटं गेली. प्रोग्रॅमला वाटलं, सगळं पुणं लोटलंय. त्यानं बाकीच्यांचा भाव चढवत नेला आणि लोक घरी राहिले. त्यानं तिकिटं मोजली, माणसं नाही मोजली. ती चूक माझी. पण मागणी पडलेली नाही. भाव तीनशेला आणा, एका माणसाला सहाच्या वर तिकिटं देऊ नका. नागपूर भरेल."



"अठरा हजार आणले कुठून?" रावसाहेबांनी विचारलं.

"स्कूटर विकली." दिगंबररावांनी दाढीचा उरलेला केस उपटला. "आपण विंगेतून पाहत होतात ना? आशीर्वाद ऐकू आला?"

"आला. स्पष्ट होता."

"हातही उंचावला होता."

रावसाहेबांनी तिकिटं परत टोपीत घालून पेटीचं झाकण लावलं.

"नागपूरला तुम्ही पहिल्या प्रवेशात याल. पहिल्या पदाच्याही आधी."

"पण तेव्हा लग्न कुठे ठरलेलं असतं? नायक-नायिकेची ओळखसुद्धा नसते."

"तुम्ही ऋषी आहात. तुम्हाला आधीच कळतं," रावसाहेब म्हणाले आणि नागपूरला होकार कळवायला गेले.