भिंतीवरचा वाकडा फोटो

“हार नको. नुसती फ्रेम करा,” वडिलांचा फोटो काउंटरवर ठेवत ती म्हणाली.

खामगावात सहदेवचं फ्रेमचं दुकान. गेलेल्या माणसांचे फोटो मढवण्यावरच त्याचं घर चालायचं, पण हार नको म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. त्यानं वर पाहिलं आणि हातातलं फडकं हातातच राहिलं. ही तर अवनी! टीव्हीवरच्या रात्री आठच्या मालिकेतली धाकटी सून, दिवाळीच्या आधी घाटात गाडी कोसळून मेलेली. तेव्हापासून मालिकेतल्या दिवाणखान्यात हार घातलेला तिचा फोटो टांगलेला होता.

तिचं खरं नाव करिष्मा. खामगावचीच पोर. मालिका जोरात होती तेव्हा गावानं उघड्या जीपमधून मिरवलं होतं तिला. मग वाहिनीला नवी सून हवी झाली, लेखकानं हिला घाटात ढकललं, आणि त्यानंतर कामासाठी एकाचाही फोन आला नाही. आता वडील गेले म्हणून ती घरी आली होती.

“बाबा रोज टीव्हीवर बघायचे तो माझा हार घातलेला फोटो,” ती म्हणाली. “दिसला की उठून अंगणात जायचे... म्हणून हार नको.”

घाबरला की सहदेव भलतंच बोलायचा. आताही बोलला. “तो फोटो वाकडा टांगला हाये पण. डाव्या अंगाले झुकला. रोज पाह्यतो अन् रोज हात शिवशिवतात माहे.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “इतके दिवस अख्खा महाराष्ट्र बघतोय. कोणीच नाही बोललं.”

“महाराष्ट्र तुमाले पाह्यत असंन. मी खिळा पाह्यतो.”

“फक्त खिळा...?”

सहदेवचे कान तापले. ती हसली, आणि सहदेव पुरता कामातून गेला.

फ्रेम दुसऱ्याच दिवशी तयार झाली, पण करिष्माची कामं संपेनात. कधी कडी ढिली, कधी काचेवर डाग — जो सहदेवला कधी दिसला नाही! गावात कापसाच्या जिनिंगचे दिवस होते. वाऱ्यावर कापसाचे तंतू उडत यायचे आणि तिच्या केसांत अडकायचे. तो नुसतं बोटानं दाखवायचा. एक दिवस तीच डोकं पुढे करून म्हणाली, “काढा ना... की त्यालाही खिळा लागतो?” त्यानं तंतू काढला. हात मात्र उगाचच थोडा वेळ तिथं थांबला.

त्यानं लग्नाचं काढताच जनकाबाईंनी, त्याच्या आईनं, तोडून टाकलं. “जित्या पोरीच्या फोटोले रोज हार! अख्खं गाव पाह्यते. असं अभद्र मले घरात नको. उद्या तुह्या जिवाले काही झालं तं?”

सहदेवनं ते करिष्मापासून लपवलं नाही. “त्यांचं एकट्यांचं नाही ते,” ती म्हणाली. “चुलतबहिणीच्या हळदीतही मला लांबच बसवलं होतं.”

आणि एका दुपारी ती धावतच दुकानात आली. मालिका घसरली होती, अवनीला परत आणायचं ठरलं होतं, मुंबईला बोलावणं आलं होतं. टीव्हीवरची घोटीव मराठी पार विसरून ती ओरडली, “सहदेव, मी जित्ती होऊन राह्यली!”

“लय बेस झालं,” तो म्हणाला. तिला गाडीत बसवताना मात्र त्याच्या मनात आलं... नाहीच जमलं तर? स्वतःचीच त्याला लाज वाटली.

पुढे तिचा फोन लागेना. एका संध्याकाळी आजूबाजूचे दुकानदार सहदेवच्या टीव्हीसमोर जमले. अवनी परत येणार होती. इस्पितळातली खाट, चेहराभर पट्ट्या. डॉक्टरनं एकेक पट्टी सोडवली... आणि आतून भलतीच बाई निघाली. चेहरा बदलण्याचं ऑपरेशन झालं म्हणे!

“हेबी बरी हाये,” शेजारचा हिंमतराव म्हणाला. सगळ्यांना पटलं. पडद्यावरच्या सासूनं रडत रडत भिंतीवरचा फोटो उतरवला आणि मागे उघडा खिळा राहिला.

रात्री करिष्माचा निरोप आला : सकाळी मलकापूरला उतरते. कोणाला सांगू नका.

ती उतरली तेव्हा डोळे सुजलेले होते. “चेहरा जुना झाला म्हणाले,” ती म्हणाली. “कराराचा कागद पुढे ठेवला आणि परत उचलला. आता तर फोटोही उतरवला हो त्यांनी. मी कुठंच नाही आता.”

सहदेवनं तिची बॅग घेतली. “माय म्हणते... हार उतरला. आता आन त्या पोरीले घरी.”

करिष्मा जागच्या जागी थांबली. “माझं नाही जमलं म्हणून तुम्हाला बरं वाटलं ना? खरं सांगा.”

खोटं बोलता आलं असतं. “हाव,” तो खाली बघत म्हणाला. “वाटलं. पाप लागंन मले.”

“मले नाही वाटत बरं.” तिचा आवाज फुटला. “लय दिवस नाही वाटनार. तुमच्या घरात येऊन बी रडीन मी. चालंन?”

“चालंन.”

ती मोटारसायकलवर मागे बसली. नांदुरा मागे पडलं. मग तिनं विचारलं, “खिळा... तसाच ठेवला का त्यांनी?”

“हाव. अन् तोबी वाकडाच.”

ती हसली, मोठ्यानं हसली. मग त्याच्या पाठीवर कपाळ टेकवून हमसून हमसून रडू लागली, आणि सहदेव गाडी हळूहळू खामगावकडे हाकत राहिला.