शिकवणीचा कापूस

मारेगावच्या फाट्यावर एसटी थांबली. तिच्यातून आधी एक पेटी उतरली, मग त्या पेटीला दोन्ही हातांनी कवटाळलेला एक तरणा माणूस. नेमकी त्याच वेळी नलू शेतातून परत येत होती. डोक्यावर कापसाचं गाठोडं एवढं, की मान वळवायचीही सोय नव्हती.

"ओ बाई, इथलं विहार कुठं हाये?"

नलू थांबली. "समोर या. मले बाजूचं दिसत नाई."

तो समोर आला. सावळा, तरतरीत नाकाचा, केसांत रस्त्याची सगळी धूळ. त्यालाही गाठोड्याखाली दोन मोठे डोळे तेवढे दिसले... आणि बघा, रस्ता विचारायला आलेला माणूस रस्ताच विसरून उभा राहिला!

"पेटी वाजवता काय?" शेवटी तिनंच विचारलं.

"हाव. नेरचा देवराव. पोट्ट्याइले शिकवाले आलो. डोमाजीभाऊनं बोलावलं."

"डोमाजी माहा दादा. चला माह्या मागं."

"मागंच येतो," तो म्हणाला. साधंच बोलणं, पण असं काही बोलला की नलूच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दीक्षा घेऊन मोहल्ल्याला आता चार-पाच वर्षं झाली होती. टिनाचं का होईना, विहार उभं राहिलं होतं. येत्या भीमजयंतीला आपल्या लेकरांनी पेटीवर गावं, सारा गाव उभा राहून ऐकेल असं गावं, अशी डोमाजीची फार इच्छा. म्हणून त्यानं नेरहून हा मास्तर आणला आणि विहाराशेजारची खोली त्याला दिली.

राहिली फी. हातात रोकडा कोणाच्या असणार? वेचणीची मजुरीसुद्धा कापसातच मिळायची, वेचलेल्यातला वाटा. मग ठरलं, फी कापसातच द्यायची, आणि तीही जयंतीपर्यंतची आगाऊ. मास्तरजवळ होती एक विरलेली सतरंजी, आणि थंडी तर भुईतून वर येत होती. बायकांना दया आली. त्यांनी घरोघरी सरकी काढून कापूस दिला, पिंजाऱ्यानं तो पिंजला आणि मास्तरची झकास गादी झाली. फीची फी झाली, गादीची गादी झाली, सगळे खूश.

शिकवणी दिवेलागणीला असायची. नलूची भाची, डोमाजीची गंगी, त्यात होती, तिला घरी न्यायला नलू जायची. शिकवणी सुटायच्या वेळी गेलं तरी चाललं असतं, पण नलूबाई रोज थोड्या आधी जाऊ लागल्या. दाराला टेकून उभ्या राहायच्या. आत मास्तर मान वर करायचा... आणि पेटी अशी काही भरकटायची, की पोरं तोंडावर हात ठेवून खिदळायची.

"मास्तर, आज सूर लय खाली पडले," ती म्हणायची.

"मंग उचलून द्या ना तुमी."

"माह्या डोक्यावर दिवसभर गाठोडं असते. आणखी काय काय उचलू?"

"सांगतलं असतं त गाठोडं मी उचललं असतं..."

"तुमच्यानं पेटी त सांभाळत नाई!"

असं सगळं छान चाललं होतं. आणि एक दिवस गंगी घरी सांगत आली, उद्यापासून शिकवणी सकाळी. दिवस उगवताना.

आता या मास्तराला काय म्हणावं? वेचणीच्या दिवसांत सकाळी मोहल्ल्यात कुत्र्याशिवाय कोण असतं? दव असतं तोवर वेचायचं, म्हणजे वाळक्या पानांचा चुरा कापसाला चिकटत नाही. त्यामुळे अंधारातच बाया शेताला निघतात, आणि मागोमाग लेकरं. मोठी वेचू लागतात, लहान धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तान्ह्यांना खेळवतात. पण मास्तर शिंप्याचं काम करणाऱ्याचा लेक, बाजारात वाढलेला. त्यानं कापूस पाहिला तो गाडीत भरलेला. झाडावरचा कापूस किती वाजता उतरतो, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवणीला एकही पोर जाईना.

बाया भडकल्या. नलूची वहिनी रुखमाबाई तर कमरेला पदर खोचूनच उभी राहिली. "शिकवणी नाई त कापूस वापस! फुकटात झोपते काय आमच्या कापसावर? नलू, तू जाय. तुह्याशी मास्तर बरा बोलते."

वहिनीनं हातात रिकामं फडकं दिलं. नलू निघाली खरी, पण पाय उचलत नव्हता. तिनं मनाशी केव्हाच हिशेब लावला होता. सकाळची वेळ म्हणजे जी वेळ नलूला कधीच जमणार नाही ती. म्हणजे मास्तरला आपलं दारात उभं राहणं नको झालं... एवढंच ना? त्यात कापूस परत घेतला की शिकवणी संपली. शिकवणी संपली की मास्तर नेरला. जयंतीला पोरं गाणार नाहीत, आणि आपल्याला तर तो पुन्हा दिसणारही नाही. तिला वाटेतच रडू यायला लागलं.

जाऊन पाहते तर काय, मास्तर अंगणात बसून गादी उसवत होता! समोर कापसाचा ढीग, वाऱ्यावर पुंजके उडताहेत, एक त्याच्या भिवईवर बसलेला.

"जय भीम, मास्तर."

"जय भीम. या." त्यानं वर पाहिलं नाही. "गंगीनं सांगतलं मले. चूक माहीच हाये. पण आता कोणाचा कोणता कापूस, कसं वळखू? समदा एक झाला."

"गंगीचा तेवढा द्या."

"तेच त जमत नाई ना! अख्खी गादीच न्या."

"आन् तुमी?"

"मी उद्याच्या एसटीनं चाललो नेरले."

नलू खाली बसली. फडक्यात कापूस भरू लागली. एक मूठ, दुसरी मूठ... तिसरी मूठ हातातच राहिली.

"एक विचारू? सकाळची येळ कायले ठेवली?"

तो सुईनं पुढचा टाका उसवू लागला.

"वेचणीत पोट्टे शेतात जातात, माहीत नोहोतं?"

"आईची आन, नोहोतं. मले वाटलं, मोठेच जातात."

"मोठे म्हणजे मी. मी येऊ नाई म्हणून ठेवली ना?"

पेटीचे सूर चुकवणारा हा माणूस, खोटं मात्र त्याला बोलता येईना. हळूच म्हणाला, "...हाव."

नलू ताडकन उठली. "मले सांगतलं असतं त मी आलीच नसती! पोट्ट्याइचं नुकसान कायले केलं? दादानं किती हौसेनं आणलं तुमाले!" फडकं तिथंच टाकून ती चालू लागली.

"नलू... थांबा ना!"

नुसतं नलू. पहिल्यांदाच. ती थांबली, पण पाठमोरीच.

"तुमी दारात आल्या की माहे हात चुकतात," तो म्हणाला. "बोटं कुठं ठेवू, समजतच नाई. पोट्टे हासतात. जयंतीले साऱ्या गावासमोर असंच झालं त? डोमाजीभाऊचं नाक कापलं जाईन. म्हणून वाटलं, तुमी नसल्या की बराबर वाजन."

"मंग? वाजलं?"

"पोट्टे त आलेच नाई. एकलाच वाजवत बसलो. एक सूर चुकला नाई, लय बराबर वाजलं..." त्यानं हातातला कापूस खाली ठेवला. "आन् मले कायीच बरं नाई वाटलं."

नलू वळली. डोळे भरलेले होते आणि हसू तर आवरत नव्हतं. "भैताड हा तुमी, मास्तर!"

"हाव."

"इतके दिवस तोंडानं काहून नाई सांगतलं?"

"तुमी समोर असल्या की ते बी चुकते."

ती पुन्हा खाली बसली. त्याच्या भिवईवरचा पुंजका काढला आणि काढताना हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला. मग सुई त्याच्या पुढ्यातून उचलून म्हणाली, "भरा आता परत. मी शिवते."

दोघं कापूस भरत बसली. तो आतून सारखा करायचा, ती वरून टाका घालायची. मध्येच बोटाला बोट लागायचं, मग दोघं उगीचच कापूस चाचपायची.

"बुडालेले दिवस वरून शिकवा लागन," ती म्हणाली. "पोट्ट्याइले तोटा नाई पडला पाह्यजे."

"शिकवतो. जयंतीनंतरही शिकवतो. येळ बी दिवेलागणीचीच." मग सुईकडे बघत त्यानं विचारलं, "डोमाजीभाऊले भेटू काय?"

"कायले?"

"कापसाची गोष्ट कराले."

"कापसासाठी त मीच पुरे हाये."

"...तुमच्यासाठी."

नलूचा टाका वाकडा गेला. तिनं तो उसवला नाही. मान खाली घालूनच म्हणाली, "उद्या या. पण शिकवणी झाल्यावर. आन् हात चुकले त चुकू द्या... मी घरचीच झाली की सवय होईन त्याइले."

दिवे लागायच्या सुमारास ती घरी आली. रुखमाबाई चुलीपुढून उठली. तिनं नलूच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, खांद्यावरच्या रिकाम्या फडक्याकडे पाहिलं.

"कापूस कुठं हाये व?"

"नाई आणला."

"काहून? देत नाई म्हणते काय थो?"

"देत होता. म्याच नाई घेतला. उद्यापासून शिकवणी संध्याकाळीच हाये, वहिनी. आन्..." नलू दाराच्या चौकटीवर नखानं रेघ ओढत राहिली. "आन् मास्तर उद्या दादाले भेटाले येऊन राह्यले."

रुखमाबाईनं क्षणभर तिच्याकडे टक लावून पाहिलं. नणंदेच्या केसांत कापूस, गालांवर लाली, आणि नजर काही वर व्हायला तयार नाही. मग ती चुलीवरची भाकर विसरून पोट धरून हसायला लागली.

"अवं माय! कापूस आणाले धाडली, त पोट्टी मास्तरच घेऊन आली!"