दोन नंबरांची नोट

"नोटेला इस्त्री मारू नका हो काका! घडी पडली असली तर पडू द्या. इस्त्री मारली की भाव निम्म्यावर येतो."

आम्रपालीचा चहाचा ग्लास ओठांपाशीच थांबला. हा आवाज...!

चाकणच्या तळेगाव चौकात पहिली पाळी सुटली होती, दुसरी भरायची होती, आणि टपरीवर निळ्या-राखाडी गणवेशांची दाटी झाली होती. आम्रपाली गाड्यांची लॉक बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला होती. आठ तास उभं राहून पाय भरून आले होते. पण तो आवाज कानावर पडला आणि पायांची आठवणच राहिली नाही. गेले दहा दिवस हाच आवाज आईच्या मोबाईलमधून घरभर ऐकू येत होता – 'नमस्कार मंडळी! ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट पाच लाखांना विकली जाते!'

ती गर्रकन वळली. सावळा, उंच, तिशीच्या आतबाहेरचा एक जण मोटरसायकलला टेकून फोनवर बोलत होता. चावी गाडीलाच होती. आम्रपालीने ती उपसून घेतली.

"अहो, चावी–"

"अडतीस हजार पाचशे," ती म्हणाली. "माझ्या आईचे. ते द्या, मग चावी घ्या."

"कसले अडतीस हजार?"

"साडेतीन रजिस्ट्रेशनचे, पाच कुरिअरचे, बारा टॅक्सचे. आणि चेक अडकलाय तो सोडवायला अठरा. पाठ झालंय मला! नोटेचे पाच लाख तेवढे अजून आले नाहीत. वाटेत आहेत का?"

आजूबाजूचे चार जण सरकून जवळ आले. त्याचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला.

"मी कुणाकडनं रुपया घेतलेला न्हाई," तो म्हणाला. व्हिडिओत चोख 'नाही' म्हणणारी जीभ 'न्हाई'वर घसरली होती, हे तेवढ्या रागातही आम्रपालीच्या कानांनी टिपलं.

त्याने फोनवर आपला मूळ व्हिडिओ लावला. तेच वाक्य, तोच हसरा चेहरा. आणि त्याच्यापुढे, 'असं कुणी सांगितलं, तर मंडळी, खुशाल हसा आणि फोन ठेवून द्या. या नोटा ढिगाने सापडतात.'

"बघा! माझं पुढचं वाक्य कापून लोक फसवायला लागलेत."

"मग पुढचं वाक्य आधी बोलायचं!"

"आधी बोललं तर कुणी पुढं बघत न्हाई ओ..."

"हो का? म्हणजे माणसं जमवायला खोटं आधी, आणि खरं नंतर सवडीने?"

टपरीवाल्याने गुपचूप गॅस बारीक केला, जणू त्यालाही उत्तर ऐकायचं होतं. आम्रपालीने त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो काढला – ज्ञानदेव, गोदाम विभाग – आणि चावी त्याच्या तळहातावर आपटली.

"रविवारी घरी यायचं. हे सगळं माझ्या आईला समोर बसून सांगायचं. आणि तक्रार द्यायला पोलिसांत सोबत यायचं. नाही आलात तर मी गोदामात येईन."

"येतो," तो म्हणाला. आणि मग खालच्या आवाजात, "तुम्ही याल, ह्याची खात्रीच पटली."

तिला हसू आलं नाही. निदान तिथे तरी नाही.

ज्ञानदेव आला. नेहरूनगरच्या त्या दोन खोल्यांच्या दारात "जयभीम मावशी" म्हणून उभा राहिला. आम्रपालीच्या आईने, शालनबाईंनी, त्याला पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही.

तो उभ्यानेच सांगत गेला. आळंदीत वडिलांचं टाळ-चिपळ्यांचं दुकान. गल्ल्यात सुट्ट्या पैशांबरोबर जुन्या नोटा यायच्या, त्या तो लहानपणापासून वेगळ्या काढायचा. आता गोदामातली नोकरी सांभाळून तो ऑनलाइन नोटा विकायचा, लोकांना त्यांचा खरा भाव सांगायचा. व्हिडिओ त्याचाच होता, फसवणारे दुसरे होते.

"मावशी, तुमच्या भोळेपणाचा फायदा–"

"भोळी कुणाला म्हणतोस?" शालनबाई कडाडल्या. "मी तीस वर्षं कंपनीच्या कँटीनचा भटारखाना सांभाळलाय! पोळी मोजून दिली आणि मोजून घेतली. मला पैसे पाहिजे होते, म्हणून फसले. स्कूटी घ्यायची होती मला. देहूरोडच्या विहारात जायला दोन रिक्षा बदलते मी. लेकीपुढे हात पसरायचा नव्हता."

आईने हे आम्रपालीला कधी सांगितलंच नव्हतं. तिने दहा दिवस आईला 'अगं, कशी फसलीस' एवढंच विचारलं होतं, 'कशासाठी' हे विचारलंच नव्हतं. राग आता कोणावर काढावा हेही कळेना.

शालनबाईंनी बिस्किटांचा डबा आपटून पुढे ठेवला. ट्रॅक्टरच्या नऊ नोटा. शिवाय आम्रपालीच्या वडिलांनी एका दिवाळीच्या बोनसमधून बाजूला ठेवलेल्या दहाच्या पाच कोऱ्या नोटा.

आता मात्र ज्ञानदेव खाली बसला. हात रुमालाला पुसले आणि एकेक नोट फक्त कडांना धरून उचलली. इतकी अलगद, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. आम्रपालीने रोखला... आणि मग स्वतःवरच चिडून जोरात सोडला.

"ट्रॅक्टरच्या सगळ्या मिळून शंभरेक रुपये येतील. ह्या दहाच्या छान आहेत, पण साध्याच."

"ही साधी नाही," आम्रपाली त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

"का?"

"डावीकडच्या नंबराच्या शेवटी तीन आहे. उजवीकडे आठ."

त्याने नोट उजेडात धरली. एकदा, दोनदा. मग मान वर केली. तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता. दोघंही एकदम मागे सरकले.

"छापताना यंत्रातला आकडा अडकला असणार," तो पुटपुटला. "मला दिसलंच न्हाई... तुम्हाला कसं दिसलं?"

"दिवसाला दोन हजार लॉक बघते मी. आमच्याकडे याला रिजेक्ट म्हणतात."

"आमच्याकडं ह्यालाच गिऱ्हाईक असतं." तो पहिल्यांदा मोकळा हसला. "आठ-दहा हजार येतील. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. अजून दोघांना दाखवा."

"ठेवणारच नव्हते."

तिने खरंच पुण्यातल्या दोन व्यापाऱ्यांना नोट दाखवली. एकाने चार हजार सांगितले, दुसऱ्याने आठ. तेव्हा कुठे ती ऑनलाइन लिलावात टाकायचं ठरलं.

तिची पाळी तीनला सुटायची, त्याची साडेतीनला भरायची. चालण्याचा वेळ सोडला तर वीस मिनिटं उरायची. त्या वीस मिनिटांत टपरीच्या बाकावर कामं चालत – पोलिसांत दिलेल्या तक्रारीचं काय झालं, नोटेचा फोटो कसा काढायचा, वर्णनात काय लिहायचं. आणि भांडणं चालत. खरं म्हणजे भांडणंच जास्त.

"'अतिदुर्मीळ' नाही लिहायचं," ती म्हणे. "तुम्हाला माहीत आहे का जगात अशा किती आहेत?"

"न्हाई."

"मग 'आमच्या बघण्यात पहिलीच' लिहा."

"असं लिहिलं तर कोण घेईल?"

"ज्याला खरं आवडतं तो."

तो मुकाट्याने खोडून लिही. एकदा ती उठून निघाली तेव्हा म्हणाला, "आम्रपाली, तुमच्या कंपनीला रविवारी सुट्टी का असते? सोमवारपर्यंत फार शांत शांत वाटतं."

"शांत वाटतं तर बरंच आहे की."

"व्हय... बरं आहे. पण आवडत न्हाई."

ती बसमध्ये बसली तरी कान गरम होते. पावसाची भुरभुर खिडकीतून गालावर येत होती आणि तिने काच लावली नाही.

लिलाव गुरुवारी दुपारी संपला. सुरतेच्या एका संग्राहकाने नोट नऊ हजार चारशेला घेतली. शालनबाईंनी फोनवर आकडा तीनदा वदवून घेतला, आणि मग म्हणाल्या, "त्या पोराला रविवारी जेवायला बोलाव."

आम्रपाली बाकावर त्याची वाट बघत होती. मनात एक वाक्य तयार होतं. जेवायच्या निमंत्रणाच्या पुढचं, तिने बसमध्ये चारदा जुळवलेलं. उगीच वेळ काढायला तिने त्याचा तो जुना व्हिडिओ उघडला. हसरा चेहरा आता वेगळाच दिसत होता. ती खालच्या प्रतिक्रिया वाचत गेली... आणि एका ओळीवर थांबली.

'दादा, तुमचा व्हिडिओ कापून लोकांना लुटतायत. काहीतरी बोला.'

त्याखाली ज्ञानदेवचं उत्तर होतं, जोडलेल्या हातांचं चित्र. बाकी काही नाही. आणि तारीख? आईने पहिले साडेतीन हजार भरले, त्याच्या पाच आठवडे आधीची.

तो आला तेव्हा तिने फोन त्याच्यासमोर धरला.

"तुम्हाला माहीत होतं."

त्याने वाचलं. हातातले दोन चहाचे ग्लास बाकावर ठेवले.

"व्हय."

"पाच आठवडे!"

"तो कापलेला व्हिडिओ फिरायला लागला तसं लोक माझं नाव शोधत यायला लागले. चार हजारांचे अकरा हजार झाले बघणारे. महिन्याला पगाराएवढ्या नोटा विकल्या गेल्या. वाटलं, आपण बोललो तर सगळंच बंद पडेल. आपण कुठं कुणाला लुटतोय... असं स्वतःला सांगत राहिलो."

"आणि मी चावी काढून घेतली तेव्हा? तेव्हाही नाही सांगितलंत! माझ्या आईच्या घरात, माझ्या वडिलांच्या नोटा हातात घेऊन बसलात–" तिचा आवाज फाटला. "तुम्ही एक शब्द बोलला असता, तर ती वाचली असती. एक शब्द!"

"रोज सांगायचं ठरवत होतो. मग वाटायचं, सांगितलं की ही वीस मिनिटं संपतील."

"संपली," आम्रपाली म्हणाली. चहाला हातही न लावता ती निघून आली. तयार केलेलं वाक्य तिने वाटेतच गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा नवा व्हिडिओ आला. ती बघणार नव्हती. वर्षालीने, तिच्याच लाइनवरच्या मैत्रिणीने, जेवणाच्या सुट्टीत बळेच दाखवला. या वेळी हसरा चेहरा नव्हता, 'मंडळी' नव्हतं. पहिलंच वाक्य होतं, 'जुनी नोट विकण्यासाठी जो तुमच्याकडे आधी पैसे मागतो, तो चोर आहे.' दुसरं वाक्य होतं, 'हे मला फार आधी बोलायला हवं होतं, मी लोभापायी बोललो नाही.' जुने सगळे व्हिडिओ त्याने काढून टाकले होते. खाली शिव्यांचा पाऊस पडला होता.

"आता तरी?" वर्षालीने विचारलं.

"आता काय? चोरी झाल्यावर कुलूप लावलं म्हणून टाळ्या वाजवू?"

पण शालनबाईंचा राग वेगळ्या घडणीचा होता. त्या रागावल्या की कामाला लावत. त्यांनी ज्ञानदेवला स्वतः फोन केला. "व्हिडिओत बोलणं सोपं आहे. रविवारी विहारात ये. आमच्या महिला मंडळातल्या अजून दोघी फसल्यात, लाजेने बोलत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत बघून सांग."

रविवारी विहाराच्या सभागृहात तीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. आम्रपाली मागे खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभी. ज्ञानदेव पुढे आला. मग एकदाचं म्हणाला, "माउली... माझी चूक झाली." आणि काही न लपवता सांगितलं. किती पैसे मिळाले, का गप्प बसला, सगळं. एका आजींनी त्याला उभा-आडवा झापला. तो मान खाली घालून ऐकत राहिला, मधे एकदाही 'पण' म्हणाला नाही. मग मागच्या ओळीतून एक हात वर झाला. "माझेपण गेलेत." मग दुसरा. मग ज्यांचं शालनबाईंनाही ठाऊक नव्हतं असा तिसरा.

दोन तास तो त्या तिघींच्या तक्रारी लिहीत बसला. कोणत्या नंबरावर, कोणत्या तारखेला, किती. आम्रपाली त्या तपासत होती. तिने दोन ठिकाणी तारखा चुकलेल्या काढल्या. त्याने लगेच दुरुस्त केल्या.

ती बाहेर आली तेव्हा पाऊस लागला होता. तो पायरीवर बूट घालत होता.

"निघतो," तो म्हणाला. "परत समोर येणार न्हाई मी. तुम्हाला त्रास–"

"बास!" ती ओरडली. "आतासुद्धा तेच! बोलायची वेळ आली की गप्प बसायचं आणि पळायचं. मी काय ठरवायचं ते तूच ठरवून मोकळा! मला विचारलंस का, यायचं की नाही ते?"

तो बघतच राहिला. एक बूट पायात, एक हातात.

"तुम्ही मला... 'तू' म्हणालात."

"म्हणाले. मग?" तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला संताप येत होता. "गुरुवारी मी तुला एक सांगणार होते. तू सगळं घाण केलंस. मला अजून इतका राग आहे, इतका, की तुझं तोंड बघितलं की चढतो, आणि नाही बघितलं की जास्त चढतो. आता बोल! एकदा तरी वेळेवर बोल."

ज्ञानदेवने बूट खाली ठेवला. पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवरून ओघळत होते, पण त्याने ते पुसले नाहीत.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "टपरीवर चावी काढून घेतलीस तेव्हापासनं. हे आधी सांगतोय. बाकीचं पुढं सवडीनं."

आम्रपालीने ओढणीचं टोक डोळ्यांवरून फिरवलं, एकदा खोल श्वास घेतला.

"बाकीचंही आत्ताच सांग," ती म्हणाली, आणि ओल्या पायरीवर त्याच्या शेजारी बसली. "सगळं. काही कापायचं नाही."