बिनतुरटीची खळ

बोकडाने सरड्याचं डोकं चाटून खाल्लं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

सरडा खरा नव्हे हो, खळीचा! अबेओकुटा गावातल्या मोरेनिकेच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बायका कोंबडीच्या पिसाने कापडावर कसाव्याच्या कंदाची खळ रेखत आल्या. खळ वाळली की कापड निळीत बुडवायचं. खळीखालचं पांढरं राहतं, बाकी सगळं निळंशार. सरडा ही त्या घराची खूण. तो रेखायचा मान आईने मोरेनिकेला आज पहिल्यांदा दिला होता. वर दमही भरला होता, "चुकलीस तर पुन्हा बस खळ ढवळत!"

आणि उन्हात वाळणाऱ्या त्या कापडावर हे दाढीवालं ध्यान मिटक्या मारत उभं होतं. मागून एक उंच तरुण धापा टाकत आला. हातात नुसतं दावं.

"अगं, धर त्याला!"

"मी धरू? बोकड तुझा, कापड माझं, आणि धरायचं मीच?"

"भाचीच्या बारशाच्या जेवणासाठी आणलाय गं... सुटला." तो होता दिमेजी, पलीकडच्या गल्लीत मोबाईल दुरुस्त करणारा. त्याने कापडाकडे पाहिलं. "डोकं गेलं की सरड्याचं."

"आई आली की माझंही जाईल."

त्याने बोटावर खळ घेऊन चाखली. "छान लागते! पण शेजारच्या कापडांना कसा नाही तोंड लावत हा?"

मोरेनिकेनेही खळ चाखून पाहिली. तुरटी! खळीत तुरटी घालायलाच विसरली होती ती. तुरट खळीला कुठलं बकरं हुंगतं?

"कापड ताणून धर," ती म्हणाली, "आणि माझ्याकडे बघू नकोस."

त्याने कापड धरलं. बघितलंच. पीस घसरलं... आणि सरड्याच्या हनुवटीवर काहीतरी भलतंच उगवलं.

कापड निळीतून निघालं तशी आई कडाडली, "आपल्या सरड्याला दाढी कधीपासून गं? जा, खळ ढवळ!"

मोरेनिके खळ ढवळू लागली. वाईट वाटत होतंच, हातातलं पीस गेलं होतं. तरी रोज एक वाटी खळ बिनतुरटीची काढून ती दारात ठेवायची. रोज बोकड यायचा. रोज मागून दिमेजी.

"बारसं कधी रे?"

"झालं की."

"मग हा अजून जिवंत कसा?"

"कोंबड्यांवर भागवलं," दिमेजी दाव्याशी चाळा करत म्हणाला. "याची जरा... सवय झालीय."

मोरेनिकेला हसू आवरेना. बाई गं, किती आवडायला लागला होता तो तिला!

एके सकाळी आईने त्या वाटीत बोट बुडवून चाखलं. "परत विसरलीस तुरटी?"

हो म्हटलं तर सरडा कायमचा गेला. नाही म्हटलं तर अब्रू गेली.

"विसरले नाही," मोरेनिके कशीबशी म्हणाली. "मुद्दाम नाही घातली."

आईने मूठभर तुरटी वाटीत ढवळली. बोकड आला, एकदा चाटलं, फटकन शिंकला आणि जो पळाला! त्याच्यामागे दावं घेऊन दिमेजीही. संपलं, मोरेनिकेला वाटलं. आता कशाला येतोय तो?

दुसऱ्या दिवशी दिमेजी एकटाच आला.

"बोकड कुठाय?" तिने विचारलं.

"तो नाही येत आता. तुरटी आवडत नाही त्याला."

"मग तू कशाला आलास?"

"मी काय खळ चाटायला येत होतो?... तुझ्यासाठी येत होतो, मोरेनिके."

तेवढ्यात आई दारात आली. वडीलधारं माणूस पाहून दिमेजीने झटकन साष्टांग नमस्कार घातला तो नेमका खळीच्या ओल्या कापडावर! मान वर केली तेव्हा हनुवटीवरची टोकदार दाढी खळीने पांढरीफटक झाली होती.

आईने ती पांढरी दाढी निरखली. मग लेकीकडे वळली.

"मला आपलं वाटत होतं, ती दाढी बोकडाची!"

मोरेनिकेने तोंड ओंजळीत लपवलं.

"लपवतेस काय? विसरभोळीच्या हाती मी सरडा देत नसते, पण तुझं ध्यान होतं गं, फक्त भलतीकडे," आई पीस तिच्या हाती देत म्हणाली. "घे. तुमच्या लग्नाच्या कापडावर तूच रेख. दाढीसकट."