तारखेनंतरचं टिंब

रुग्णालयाच्या तळघरातल्या नोंदणी-खोलीत तो दुपारी तीनला येऊन बसला, तेव्हा काम फुटकळच वाटत होतं. मशीनची मेमरी रोज भरून जाई आणि मशीन रुसून बसे. प्रोग्राम दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. शिवाय थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावर आठ दिवस पडून होती. म्हणजे एका खेपेत दोन कामं.

"पाचला मशीन आपोआप बंद होतं," नोंदणीच्या बाई म्हणाल्या. "मोठ्या साहेबांनाही मुदतवाढ नाही."

दोष तासाभरात सापडला. पेशंट गेला, घरी किंवा कायमचा, की त्याची तारीख वाचून मशीनने त्याला मेमरीतून सोडायचं. पण जुन्या कारकुनाच्या नोंदींत दिवस आधी, महिना नंतर. मशीन वाचायचं उलटं. तेविसावा महिना त्याला कुठल्याच कॅलेंडरात सापडेना. तारीख कळली नाही, म्हणून माणूस सुटला नाही. अशी एक्केचाळीस माणसं मशीनच्या लेखी अजून खाटेवरच होती.

"आणि प्रत्येक तारखेपुढे हे टिंब कसलं?"

"त्या जुन्या कारकुनांची खोड. टिंब दिलं की माणूस मोकळा, म्हणायचे. स्वतः मोकळे झाले त्याला सात वर्षं झाली. कानावरचं पेन तसंच घेऊन गेले." एवढं बोलून बाई सह्या घ्यायला वर गेल्या.

त्याने मशीनला दिवस आधी वाचायला शिकवलं. आकडा उतरू लागला. चाळीस... एकोणचाळीस... प्रत्येक आकड्यासरशी बाहेरच्या जिन्यावरून कुणीतरी अनवाणी उतरून निघून जाई. फिनाइलच्या वासात ओल्या कपड्यांचा वास मिसळला. त्याने दोनदा दार उघडून पाहिलं; जिना रिकामा. मग त्याने पावलं मोजली. संख्या बरोबर येत होती, हीच पंचाईत.

शेवटच्या नोंदीवर बहिणीचं नाव दिसलं आणि त्याने प्रोग्राम जागीच थोपवला. जाण्याची तारीख आजची, तेवीस. पुढे टिंब.

मशीनला वाचता येत नव्हतं, एवढ्यावरच ताई टिकून होती.

त्याने तारीख पुसली. ती पुन्हा उमटली. स्वतः काढलेली चूक परत घालून पाहिली. थोपवलेला प्रोग्राम ती घेईना. आता नोंद नुसती धरून ठेवायची. पण पाचला मशीनच बंद होणार, आणि धरलेली नोंदही सुटणार. ती वेळ बदलायची मुभा एकाच नावाला होती, आणि ते नाव सात वर्षांपूर्वी वारलेलं. कचेरीत काही नावं कधीच खोडली जात नाहीत.

फोन वाजला. ताईच होती.

"अरे, आहेस कुठे? बहीण मरायला टेकली तरी तुझं आपलं खटखट!"

"ताई... बरी आहेस ना?"

"गर्दी हटली, तेवढंच बरं वाटतंय. खाटेभोवती नुसते उभे होते मेले. आता एक म्हातारेच राहिलेत. कानावर पेन आहे बघ."

"त्यांना सांग... तारीख चुकली आहे म्हणावं."

"सांगितलं रे. हसले. म्हणाले, तारखा माझ्या बरोबरच होत्या, वाचणारं चुकत होतं... आता तुझ्या भावाने नीट वाचलंय."

"ताई, घंटा वाजव. कुणाला तरी बोलाव..."

"ते घड्याळ बघतायत रे..."

पडदा काळा झाला. फोनवर ताईचा श्वास थांबला. कागदावर पेनाची खरखर आली, आणि मग एकच बारीक टक्.

जिन्यावरून दोघंजण उतरू लागले. दोघंही अनवाणी. एकाची पावलं दूर निघून गेली.

दुसऱ्याची दारापाशी येऊन थांबली, आणि दाराबाहेर पुन्हा पेनाची खरखर सुरू झाली.